पंगत किती पानांची? – ओरत्तनाडूचं छत्र आणि आमचा सर्व्हर



आज आपण तंजावर शहर सोडून दक्षिणेला, पट्टुक्कोट्टईच्या रस्त्यानं ओरत्तनाडूला आलो आहोत. माझ्या मागे जी दगडी इमारत दिसते ती मुक्तांबाळ छत्रम. जोत्याकडे नीट बघा. दगडात चाकं कोरली आहेत, घोडे आणि हत्ती आहेत. सगळी वास्तू म्हणजे एक थोरला रथच. सरफोजी राजांनी, म्हणजे दुसऱ्या सरफोजींनी, १८०२ साली ती मुक्तांबाळ या आपल्या प्रिय स्त्रीच्या नावानं उभारली. आपल्या नावानं अन्नछत्र व्हावं अशी तिची शेवटची इच्छा होती, असं सांगतात.

या मालिकेत आपण तंजावरच्या मराठ्यांच्या लढाया पाहिल्या, तह पाहिले, बृहदीश्वराच्या भिंतीवरचा भोसल्यांचा लांबलचक मराठी शिलालेख पाहिला. आजचा विषय जरा वेगळा आहे. एका वेळी किती माणसं येतील, त्यांच्यासाठी किती तयारी ठेवायची, आणि अंदाज चुकला तर काय करायचं? हा प्रश्न छत्राच्या कारभाऱ्याला रोज पडत असणार. मला तो नोकरीत असताना पडला, आणि माझं उत्तर चुकलं. तिथूनच सुरुवात करतो.

मी सिग्नल्सचा माणूस. वीस-बावीस वर्षांपूर्वी एका ठाण्यावर संगणक विभाग माझ्याकडे होता. ठाण्याचं नाव सांगत नाही, कारण चूक ठाण्याची नव्हती, माझी होती. जवानांच्या रजा, बदल्या, हजेरी या सगळ्या नोंदी तोवर जाड रजिस्टरांत होत्या. त्या एका डेटाबेसवर आणायच्या होत्या. एक यंत्र बंद पडलं तर काम थांबू नये म्हणून दोन सर्व्हर जोडून क्लस्टर करायचं ठरलं. किती क्षमतेचे सर्व्हर घ्यायचे हे मला सांगायचं होतं.

मी आठवडाभर मोजणी केली. वापरणारे सगळे मिळून सुमारे सातशे. पण दिवसाच्या कुठल्याही वेळी प्रत्यक्ष काम करताना सरासरी ऐंशी जण दिसायचे. मी म्हटलं, ऐंशीची अडीचपट, म्हणजे दोनशे जोडण्या पेलतील अशी यंत्रं घेऊ. कागदावर हिशेब चोख होता. वरिष्ठांनी सही केली.

महिन्याचा पहिला कामाचा दिवस आला. सकाळची परेड सुटली आणि नऊच्या ठोक्याला सगळ्या कचेऱ्यांनी एकदम स्क्रीन उघडले. पाचशेच्या वर जोडण्या दोन-तीन मिनिटांत आल्या. पहिल्या सर्व्हरची मेमरी भरली, तो डिस्कवर ढकलाढकल करायला लागला आणि बसला. क्लस्टरनं आपलं काम इमानानं केलं, म्हणजे पहिल्याची सगळी गर्दी दुसऱ्याच्या अंगावर टाकली. दुसरा आधीच वाकलेला होता, तोही बसला. आम्ही पुन्हा सुरू केला, तर वाट बघत असलेले पाचशे स्क्रीन एकाच क्षणी त्याच्यावर तुटून पडले. असं तीन वेळा झालं.

बाहेरच्या व्हरांड्यात एक जवान उभा होता. घरून निरोप आला होता, वडील अत्यवस्थ. रजा मंजूर झालेली, पण रजेचं सर्टिफिकेट यंत्रातून छापून निघायचं होतं आणि यंत्र बंद होतं. शेवटी माझ्या सुभेदार साहेबांनी जुनं रजिस्टर काढलं, हातानं सर्टिफिकेट लिहिलं आणि माझ्यासमोर सहीला धरलं. तोवर त्याची गाडी गेली होती. पुढच्या गाडीनं तो एक दिवस उशिरा पोचला. अंत्यविधी आदल्या दिवशीच झाले होते. परत आल्यावर त्यानं तक्रारीचा एक शब्दही काढला नाही. तो मला अजून आठवतो.

त्या संध्याकाळी सुभेदार साहेब माझ्याकडे बसले होते. ते याच भागातले, ओरत्तनाडूच्या जवळच्या गावचे. थोडा वेळ गप्प बसून म्हणाले, "साब, लंगर में सबको एक साथ कौन बिठाता है?" लंगर म्हणजे आमचं फौजी स्वयंपाकघर. आठशे माणसांच्या पलटणीसाठी आठशे ताटं एकदम कोणी मांडत नाही. पाळ्या लागतात, रांग लागते, आणि तरीही कोणी उपाशी राहत नाही. मग ते म्हणाले, आमच्या गावाकडे तुमच्या मराठा राजानं बांधलेलं छत्रम आहे, तिथून कोणी उपाशी परत जात नसे म्हणतात.

मी मराठी माणूस, आणि तंजावरच्या मराठ्यांच्या अन्नछत्रांबद्दल मला पहिल्यांदा सांगितलं ते एका तमिळ सुभेदारानं! निवृत्तीनंतर मी या इतिहासाच्या मागे लागलो त्याचं मूळ त्या संध्याकाळी आहे.

आता १८०१ साली जाऊ.

त्या आधी दोन वर्षं, १७९९ च्या तहानं, तंजावरचा मुलूख इंग्रज कंपनीकडे गेला होता. राजांकडे उरला तंजावरचा किल्ला आणि लगतचा थोडा भाग, वर्षाला एक लाख स्टार पॅगोडा, आणि मुलखाच्या निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा. राज्य गेलं, फौज गेली. छत्रांचं काय होणार हा प्रश्न होता, कारण छत्रं जमिनींच्या उत्पन्नावर चालत आणि जमिनी आता कंपनीच्या अमलाखाली होत्या. तेव्हा सरफोजी राजांनी तंजावरचे रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना एक सविस्तर पत्र लिहिलं. माझ्या मते तंजावरच्या इतिहासातला हा फार मोलाचा कागद आहे. राजा त्यात खजिना मागत नाही, तोफा मागत नाही. छत्रं चालू राहू द्या, एवढंच मागणं आहे. आणि ती का चालू राहावीत हे पटवण्यासाठी ती कशी चालतात हे तो तपशिलानं सांगतो.

त्या तपशिलाचा सारांश माझ्या शब्दांत सांगतो. रामेश्वराच्या वाटेवर ही छत्रं होती. पुष्कळशी राजघराण्यातल्या स्त्रियांच्या नावांची. निडामंगलमचं यमुनांबाळ छत्र त्यांतलंच. काशीपासून रामेश्वरापर्यंत पायी जाणारे यात्रेकरू, गोसावी, बैरागी, जंगम, सगळे या वाटेनं जात. ब्राह्मणापासून तेव्हाच्या समाजानं सर्वांत खालचे मानलेल्यांपर्यंत प्रत्येकाला शिजवलेला भात मिळे. ज्याला शिजवलेलं चालत नसे त्याला मीठमसाल्यासह कोरडा शिधा मिळे. वाढप मध्यरात्रीपर्यंत चाले. मग घंटा वाजवून पुकारा होई की, कोणी जेवायचं राहिलं असेल तर त्यानं यावं. आजारी पडलेल्या वाटसरूला बरा होईपर्यंत औषध आणि पथ्याचं अन्न मिळे, त्यासाठी वैद्य नेमलेले असत. तान्ह्या मुलांना दूध मिळे. अनाथ मुलांना सांभाळून शिकवण्याचीही सोय होती.

हे वाचताना धर्मबुद्धी सगळ्यांना दिसते, आणि ती आहेच. पण त्या पत्रामागे कारभारही आहे, आणि तो मला माझ्या चुकीमुळे दिसला.

हिशेब करून बघू. आकडे माझे आहेत, छत्राचे नव्हेत. समजा तासाभरात १,२०० यात्रेकरू आले, म्हणजे मिनिटाला २०. एका पंगतीला २० मिनिटं लागतात. तर एका वेळी किती पानं मांडलेली हवीत? २० गुणिले २०, म्हणजे ४००. बाराशे नव्हेत. आता वाढपी सुस्त निघाले आणि पंगत ३० मिनिटं चालली, तर तेवढ्याच माणसांना ६०० पानं लागतील. माणसं वाढली नाहीत, पण जागा दीडपट लागली. येण्याचा वेग आणि बसण्याचा वेळ यांचा गुणाकार म्हणजे एका वेळची गर्दी. अमेरिकेतल्या जॉन लिटल या प्राध्यापकांनी १९६१ साली हे गणितानं सिद्ध केलं, म्हणून त्याला लिटलचा नियम म्हणतात. आपल्याकडच्या कुठल्याही लग्नघरच्या आचाऱ्याला तो अनुभवानं माहीत असतो.

पण हा हिशेब माणसं सारख्या अंतरानं येतात असं धरून आहे. ती तशी कधी येत नाहीत. इथे माझ्या सिग्नल्सचा एक जुना गुरू उपयोगी पडतो. डेन्मार्कचा आग्नेर एरलांग हा कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत होता. शहरातल्या ग्राहकांसाठी एक्स्चेंजमध्ये किती तारा ठेवायच्या हा त्याचा प्रश्न. १९०९ आणि १९१७ सालच्या त्याच्या निबंधांतून या विषयाचा पाया घातला गेला, आणि फोनच्या गर्दीचं एकक आजही त्याच्याच नावानं आहे.

उदाहरण घ्या. तासाला १०० फोन, प्रत्येकी ३ मिनिटांचे. म्हणजे ३०० मिनिटांचं बोलणं ६० मिनिटांत, अर्थात सरासरी ५ तारा गुंतलेल्या. मग ५ तारा पुरतील? एरलांगच्या सूत्रानं, ५ तारा ठेवल्या तर १०० पैकी सुमारे २८ फोन लागणारच नाहीत. १० तारा ठेवल्या तर न लागणारे फोन दोनाच्या आत येतात. सरासरी पाचच राहते, पण माणसं झुंडीनं येतात त्याची ही किंमत आहे. हे मी तरुणपणी शिकलो होतो, परीक्षेत उत्तीर्णही झालो होतो. आणि तरी त्या ठाण्यावर सरासरीची अडीचपट घेऊन मोकळा झालो. नऊ वाजता परेड सुटते हे मला माहीत होतं. माझ्या हिशेबाला माहीत नव्हतं.

आता सर्व्हरकडे येऊ. डेटाबेसशी जोडलेला प्रत्येक वापरणारा म्हणजे एक पान मांडलेलं. तो काही विचारो वा न विचारो, त्याची मेमरी अडकलेली असते. समजा एका जोडणीला १० एमबी लागतात, तर ५,००० जोडण्यांना ५० जीबी नुसती बसायलाच गेली. जेवण अजून वाढायचं आहे. म्हणून पोस्टग्रेससारख्या डेटाबेसमध्ये सुरुवातीची मर्यादा अवघी १०० जोडण्यांची ठेवलेली असते. नवखे लोक ती आधी वाढवून टाकतात. अनुभवी माणूस आधी विचारतो की, या पाच हजारांतले एका क्षणी खरोखर काम करणारे किती? सेकंदाला ५०० प्रश्न येत असतील आणि एका प्रश्नाला २० मिलिसेकंद लागत असतील, तर एका क्षणी सरासरी फक्त १० जोडण्या कामात असतात. तेव्हा मध्ये एक जोडण्यांचा साठा ठेवायचा, ज्याला पूल म्हणतात. पाच हजार जण बाहेर रांगेत, आत पानं मोजकी, एक उठला की दुसरा बसला. पण एखादा प्रश्न नीट न लिहिल्यामुळे २० ऐवजी २०० मिलिसेकंद घेऊ लागला, तर त्याच गर्दीला १० ऐवजी १०० जोडण्या लागतात. म्हणून नवीन यंत्र मागण्याआधी वाढप्याकडे बघावं. पुष्कळदा खर्च तिथेच वाचतो.

छत्रात आजारी वाटसरूला बरा होईपर्यंत ठेवून घेत. पण तो काही रोजच्या पंगतीतली जागा अडवून बसत नव्हता, त्याचं पथ्य वेगळं, देखरेख वेगळी. डेटाबेसमध्येही लांबलचक अहवाल आणि झटपट नोंदी एका पंगतीत बसवू नयेत. कोरडा शिधा घेणाऱ्याचा भार चुलीवर पडत नाही, तसं जे वारंवार विचारलं जातं ते तयार ठेवून बाहेरच्या बाहेर द्यावं. सरफोजी राजांना डेटाबेस ठाऊक होता असं मी म्हणत नाही. गर्दीला सामोरं जाणाऱ्या कुठल्याही शहाण्या माणसाला त्याच त्या गोष्टी सुचतात, एवढंच.

क्लस्टरबद्दल दोन गोष्टी. पहिली राखीव बळाची. तीन सर्व्हर प्रत्येकी ७० टक्के भरलेले असतील आणि एक पडला, तर उरलेल्या दोघांवर प्रत्येकी १०५ टक्के भार येतो. म्हणजे तेही पडणार. तिघांचं क्लस्टर दोन-तृतीयांशाच्या वर कधी भरू नये, दोघांचं निम्म्याच्या वर नाही. माझे दोन्ही सर्व्हर निम्म्याच्या वर होते. सगळं सैन्य आघाडीवर लावून राखीव तुकडी आहे असं कागदावर दाखवण्याचा तो प्रकार होता. दुसरी गोष्ट कोठाराची. चुली दोनाच्या चार केल्या तरी कोठाराची किल्ली एकाच कारकुनाकडे असेल, तर चारही आचारी त्याच्याच दारात उभे राहतात. क्लस्टरमध्ये सगळ्यांना तीच एक नोंद बदलायची असेल तर यंत्रं वाढवून वेग वाढत नाही. उलट यंत्रांचं आपापसातलं विचारणंच वाढतं.

याचं उदाहरण तंजावरच्या रेल्वे स्टेशनावर मिळतं. पूर्वी प्रत्येक गाडीच्या आरक्षणाचं रजिस्टर असे. ज्या खिडकीत ते रजिस्टर, तिथेच त्या गाडीची रांग. एका रजिस्टरात दोन कारकून एकाच वेळी लिहू शकत नाहीत. १९८५ साली सीएमसी या सरकारी कंपनीनं केलेली संगणकीय आरक्षण प्रणाली दिल्लीत सुरू झाली. पुढे दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाच केंद्रं झाली, आणि १९९९ साली 'कॉन्सर्ट' या प्रणालीनं ती एकमेकांना जोडली गेली. तंजावरच्या खिडकीतून कुठल्याही गाडीचं तिकीट मिळू लागलं. ऑगस्ट २००२ मध्ये इंटरनेटवर तिकीट आलं आणि देशभरची रांग घराघरात पोचली. २०१४ साली ती यंत्रणा नव्यानं उभी केली, तेव्हा एका वेळी ४०,००० ऐवजी १,२०,००० वापरणारे, आणि मिनिटाला २,००० ऐवजी ७,२०० तिकिटं, अशी क्षमता जाहीर झाली.

हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. आत बसलेले एक लाख वीस हजार, आणि मिनिटाला तिकीट मिळणारे सात हजार दोनशे. आत शिरलेल्या दर सतरा जणांमागे मिनिटाला साधारण एक तिकीट. कारण सगळ्यांना हवी असते ती तत्काळची तीच गाडी, तीच जागा. रजिस्टर गेलं, पण एका जागेवर एका वेळी एकच नाव लिहिता येतं हा नियम गेला नाही.

आमच्या ठाण्यावर पुढे काय झालं ते सांगतो. नवे सर्व्हर आले नाहीत, पैसेच नव्हते. आम्ही मध्ये पूल बसवला. आतल्या जोडण्या साठावर आणल्या. कचेऱ्यांचे स्क्रीन नऊ ते साडेनऊ असे पाळीपाळीनं उघडायचे ठरवले. बंद पडल्यावर प्रत्येक स्क्रीननं वेगवेगळ्या अंतरानं पुन्हा जोडावं अशी सोय केली. मासिक अहवाल रात्रीवर टाकले. पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला नऊ वाजता मी आणि सुभेदार साहेब स्क्रीनसमोर उभे होतो. रांग लागली, वाढली आणि वीस मिनिटांत ओसरली. तेच दोन सर्व्हर होते.

आणि एक गोष्ट सुभेदार साहेबांनी मला न विचारता केली. रजेच्या कोऱ्या सर्टिफिकेटांचं एक पुस्तक कपाटात कायम ठेवायला लावलं, मरण, आजारपण अशा तातडीच्या कामांसाठी. यंत्र चालू असो वा बंद, त्या माणसाला थांबवायचं नाही. ते पुस्तक माझ्या कुठल्याही आराखड्यात नव्हतं.

आज कोणी तरुण मुलगा मला विचारतो, "काका, सर्व्हर किती मोठा घेऊ?" तेव्हा मी त्याला उलट विचारतो. नोंदणीवर किती नावं आहेत ते नको सांगूस. सगळ्यात वाईट दिवसाच्या सगळ्यात वाईट पाच मिनिटांत किती येतात? प्रत्येक जण किती वेळ जागा धरतो? एक यंत्र पडलं तर उरलेले उभे राहतात का? रांग भरली की बाहेरच्या माणसाला काय सांगतोस? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं मुलं चटकन देतात. चौथ्याला थांबतात.

सरफोजी राजांनी ते पत्र लिहिलं तेव्हा त्यांच्या हाती फार काही उरलं नव्हतं. तरी त्यांनी परक्या अधिकाऱ्याला आवर्जून मध्यरात्रीच्या घंटेबद्दल सांगितलं. पंगती संपल्या, चुली विझत आल्या, वाढपी थकले, आणि तरी कोणी राहिलं आहे का हे विचारायला एक माणूस उठून घंटा वाजवतो. त्या पत्रानंतर दुसऱ्याच वर्षी, राज्य गेलेल्या राजानं, माझ्या मागे दिसतं ते हे छत्र बांधलं.

व्हरांड्यातल्या त्या जवानासाठी त्या दिवशी घंटा वाजवायला सुभेदार साहेब उठले होते. मी यंत्राशी झटापट करत होतो.

पुढच्या भागात आपण सरस्वती महालात, मोडी कागदांच्या दालनात भेटू. जय हिंद.